किल्केनीचा एक मैल

किल्केनी हे आयर्लंडच्या आग्नेय भागात, नोर नदीच्या काठी वसलेले शहर. राजधानी डब्लिनपासून ते सुमारे १३० किलोमीटरवर, नैर्ऋत्येला आहे. २०२२ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २७ हजारांच्या घरात होती. वस्तीच्या हिशेबाने ते एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तरी ते स्वतःला शहर म्हणवते, आणि त्याला आधार आहे १६०९ सालच्या सनदेचा. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने ती दिली. किल्केनीकरांनी तो मान आजवर सोडलेला नाही. नाव मात्र सनदेहून कितीतरी जुने. आयरिश भाषेत 'किल' म्हणजे चर्च किंवा साधूचा मठ. सहाव्या शतकातला केनेख नावाचा साधू, लॅटिन वळणाने कॅनिस, याचे ते किल, म्हणून किल्केनी.

शहराच्या उत्तर टोकाला एक टेकाड आहे. त्यावर सेंट कॅनिसचे कॅथेड्रल आणि त्याला लागून एक उंच गोल मनोरा. दक्षिण टोकाला नदीवर झुकलेला किल्ला. या दोहोंना जोडणारा रस्ता वाटेत दोन-तीनदा नाव बदलतो, पण सरळच जातो. त्यालाच आता 'मीडिव्हल माइल', मध्ययुगातला मैल, म्हणतात. नावाला मैल, चालायला वीस मिनिटे. या वीस मिनिटांच्या वाटेवर नवव्या शतकातला मनोरा आहे, तेराव्या शतकातली चर्चे आहेत, चौदाव्या शतकातल्या एका भीषण खटल्याच्या खुणा आहेत आणि सोळाव्या शतकातल्या व्यापाऱ्याचे घर आहे. आयर्लंडमध्ये मध्ययुगीन अवशेष जागोजाग आहेत, पण बहुतेक कुरणात एकटे उभे असतात. किल्केनीत ते चालत्या गावात आहेत. त्यांच्या आसपास लोक राहतात, भाजी घेतात, मुलांना शाळेत सोडतात. म्हणूनच एका दिवसाच्या सहलीसाठी डब्लिनजवळ याहून चांगले ठिकाण नाही.

डब्लिनहून तिथे जायचे तीन मार्ग आहेत. ह्यूस्टन स्थानकावरून सुटणारी रेल्वे सुमारे दीड तासात किल्केनीच्या मॅकडोना स्थानकावर पोहोचवते. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर ज्यांना गोळ्या घालून मारले गेले त्या थॉमस मॅकडोना यांचे नाव या स्थानकाला आहे. ते काही काळ किल्केनीतल्या सेंट कीरन्स कॉलेजात शिक्षक होते. दुसरा मार्ग मोठ्या बसच्या सहलीचा. या सहली बहुधा विकलोचे डोंगर, ग्लेंडालॉकचा मठ आणि किल्केनी असे तिन्ही एका दिवसात उरकतात. त्यांत किल्केनीच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात. तेवढ्यात किल्ल्यापुढे फोटो काढून होतो आणि चहा पिऊन होतो, आणखी काही होत नाही. तिसरा मार्ग खासगी गाडी आणि सोबत गाइड. आयर्लंडमध्ये बरेचदा गाडी चालवणारा माणूसच गाइड असतो. सकाळी तो मुक्कामाच्या दारातून नेतो, दिवसभर सोबत राहतो आणि संध्याकाळी दारात आणून सोडतो.

हा तिसरा मार्ग महाग आहे. मात्र भाडे माणशी नसून गाडीमागे असते, त्यामुळे चार-सहा जणांच्या कुटुंबाला ते झेपते. डब्लिन आणि कॉर्कमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या भारतीयांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली, आणि त्यांत मराठी घरे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात या घरांत आई-वडील किंवा सासू-सासरे महिना-दोन महिने येऊन राहतात. गुडघे दुखणारी आजी आणि सात-आठ वर्षांचा नातू यांना एकाच सहलीत न्यायचे, तर गाडी हवी तिथे थांबणे आणि हवा तेवढा वेळ मिळणे याला मोल आहे. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाणेही भारतीयांना जड नाही. पण मग सांगणारा कोणी नसतो, आणि किल्केनीत सांगणारा लागतो. इथले दगड बोलके आहेत, पण त्यांची गोष्ट जुन्या कागदांत आहे. लॅटिनमधला खटल्याचा वृत्तांत, एका संन्याशाची बखर, फ्रेंचमध्ये लिहिलेला कायदा, नगरसभेचे दप्तर. दगड आणि कागद यांची गाठ घालून देणे हेच गाइडचे काम. गाइड ठरवताना एक गोष्ट पाहावी. आयर्लंडचे पर्यटन विकास मंडळ, म्हणजे 'फॉल्चे आयर्लंड', गाइडांच्या प्रशिक्षणाला मान्यता देते. हे शिक्षण पुरे केलेल्या गाइडकडे तसा बिल्ला असतो. तो आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

भारतातून थेट फिरायला येणाऱ्यांनी व्हिसाकडे लक्ष द्यावे. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात एक सामाईक व्हिसा योजना आहे आणि भारतीय पासपोर्टधारकांना तिचा लाभ मिळतो. पण व्हिसावर तसा शेरा असावा लागतो. नुसता ब्रिटिश व्हिसा पुरत नाही.

सहलीच्या गाड्या सहसा किल्ल्यापाशी थांबतात, कारण तिथे जागा मोकळी आहे. प्रवासी किल्ला पाहतात, मग उत्तरेकडे चालू लागतात आणि कॅथेड्रलपाशी पोहोचेपर्यंत दमतात. मनोऱ्यावर चढायचे राहूनच जाते. इतिहासाच्या दृष्टीनेही हा क्रम उलटा आहे. किल्ला नॉर्मन आक्रमकांचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. टेकाडावरचा मठ त्याच्याही पाच-सहाशे वर्षे आधीचा. आधी साधू आला, मग शिपाई, मग व्यापारी. खासगी सहलीचा खरा फायदा असा, की हा क्रम सुलटा करता येतो. सकाळी आठला डब्लिन सोडले तर साडेनऊ-दहाच्या सुमारास टेकाडाखाली पोहोचता येते. तिथून दिवसभर उताराने दक्षिणेकडे यावे, आणि किल्ला शेवटी ठेवावा.

मनोरा नवव्या शतकातला आहे. उंची सुमारे ३० मीटर. आयर्लंडमध्ये मठांशेजारी असे गोल मनोरे साठ-सत्तर तरी शिल्लक आहेत, पण आत शिरून माथ्यापर्यंत चढता येईल असे मोजकेच. त्यांतला एक किल्डेरचा, दुसरा हा. घंटा वाजवण्यासाठी, मौल्यवान वस्तू ठेवण्यासाठी, दुरून येणाऱ्याला मठ दिसावा म्हणून असे मनोरे बांधत. दार जमिनीच्या बरेच वर असते. आत जिना नाही. एकावर एक लाकडी फळ्यांचे मजले आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या शिड्या. वर जाताना भिंती जवळ येत जातात, शेवटी दोन्ही खांदे दगडाला लागतात. वरून शहराचा आराखडा तळहातासारखा दिसतो: खाली दाट छपरे, डावीकडे नदी, समोर दूर किल्ल्याचे बुरूज. मनोरा थोडा कलला आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या पायाशी खोदले तेव्हा खाली मानवी सांगाडे सापडले. स्मशानभूमीवर रचलेला, उथळ पायाचा हा मनोरा अकराशे वर्षे उभा आहे. लहान मुलांना वर सोडत नाहीत, आणि हवा वाईट असली की तो बंद ठेवतात. म्हणून जो दिवस ठरेल त्या दिवशी सकाळी चौकशी करावी.

शेजारचे कॅथेड्रल तेराव्या शतकातले. लांबीत ते आयर्लंडच्या मध्ययुगीन कॅथेड्रलांमध्ये डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्सनंतर दुसरे. आत शिरताच नजर थडग्यांवर जाते. किल्केनीच्या परिसरात एक काळा चुनखडक मिळतो. घासून चकाकी आणली की तो संगमरवरासारखा दिसतो, म्हणून त्याला 'किल्केनी मार्बल' म्हणतात आणि शहराला 'मार्बल सिटी'. जवळ वाकून पाहिले तर काळ्या दगडात पांढरी नक्षी दिसते: शिंपले, प्रवाळांचे तुकडे, गोल चकत्या. ही कोणी कोरलेली नाही. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उष्ण समुद्रातल्या जिवांचे अवशेष आहेत. हाच दगड शहरातल्या उंबऱ्यांना, पायऱ्यांना, फरसबंदीला वापरलेला आहे. पाऊस पडून गेला की ही नक्षी पायाखाली उमटते. आयर्लंडमध्ये पावसाला तोटा नाही, त्यामुळे ती पाहायला मिळेलच.

याच दगडात ऑर्मंडचा अर्ल पीयर्स बटलर आणि त्याची पत्नी मार्गारेट फिट्झजेरल्ड शेजारी शेजारी पहुडलेले आहेत. पीयर्स १५३९ मध्ये वारला, मार्गारेट १५४२ मध्ये. तो पूर्ण चिलखतात आहे, तिच्या डोक्यावर दोन शिंगांसारखे उंचावलेले भरजरी शिरोवस्त्र आहे. कारागिराने चिलखताची एकेक पट्टी आणि वस्त्रावरची एकेक वेल कोरली आहे. या भागातल्या थडग्यांच्या बाजूंना येशूच्या शिष्यांच्या हातभर मूर्ती असतात, आणि प्रत्येकाची ओळख हातातल्या वस्तूवरून पटते: पीटरच्या हातात किल्ली, अँड्र्यूजवळ तिरका क्रूस, बार्थोलोम्यूच्या हातात सुरी. देवळातल्या मूर्ती आयुधांवरून ओळखण्याची सवय असलेल्या माणसाला हे चटकन उमगते.

कॅथेड्रलच्या उत्तर बाजूला बिशप रिचर्ड डी लेड्रेड याचे थडगे आहे. किल्केनीचे नाव युरोपच्या इतिहासात ज्या खटल्याने गेले त्याचा हा कर्ता. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा फ्रान्सिस्कन संन्यासी १३१७ मध्ये बिशप म्हणून नेमला गेला. शहरात तेव्हा ॲलिस काइटलर नावाची श्रीमंत बाई होती. सावकारी करणाऱ्या घराण्यातली. तिचे एकामागून एक तीन नवरे वारले होते आणि चौथा आजारी होता. सावत्र मुलांनी तक्रार केली, की हिने चेटूक करून आमच्या बापांना मारले आणि इस्टेट आपल्या पोटच्या मुलाच्या, विल्यम आउटलॉच्या, नावे केली. लेड्रेडने ही तक्रार उचलून धरली आणि तिला पाखंडाच्या आरोपाचे रूप दिले. पण ॲलिसचे नातेवाईक सत्तेत होते. सुभेदार अर्नल्ड ले पोअर याने उलट बिशपलाच पकडून सतरा दिवस कोठडीत ठेवले. सुटल्यावर बिशप हट्टाला पेटला. ॲलिस निसटली, बहुधा इंग्लंडला गेली, आणि पुढे तिचा पत्ता लागला नाही. सापडली तिची दासी, पेट्रोनिला. तिला फटके मारून कबुली घेतली गेली आणि ३ नोव्हेंबर १३२४ रोजी शहरात जिवंत जाळण्यात आले. चेटकीण ठरवून आयर्लंडमध्ये जाळलेली ती पहिली बाई मानली जाते. युरोपात चेटकिणींची मोठी धरपकड सुरू झाली ती याच्या शंभराहून अधिक वर्षांनी.

विल्यम आउटलॉ पैसेवाला, म्हणून त्याला प्रायश्चित्तावर सोडले. कॅथेड्रलच्या छपराला शिशाचे पत्रे घालून देणे हा त्या प्रायश्चित्ताचा एक भाग होता. १३३२ मध्ये कॅथेड्रलचा मधला बुरूज कोसळला. शिशाच्या भारानेच तो पडला, असे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आज कॅथेड्रलवर दिसतो तो बसका बुरूज त्यानंतरचा. पेट्रोनिलाचे थडगे कुठेच नाही. लेड्रेडचे आहे, आणि सुस्थितीत आहे. चांगला गाइड इथे थोडा वेळ गप्प राहतो.

कॅथेड्रलमधून दगडी पायऱ्या उतरल्या की आयरिशटाउन लागते. किल्केनी पूर्वी एक नगर नव्हते, दोन होती. नोरला मिळणारा ब्रेगा नावाचा ओढा ही त्यांची हद्द. ओढ्याच्या अलीकडे बिशपच्या अमलाखालचे आयरिशटाउन, पलीकडे तटबंदीतले हायटाउन, म्हणजे इंग्रज वसाहतवाल्यांचे व्यापारी नगर. प्रत्येकाची नगरसभा वेगळी, बाजार वेगळा. कागदोपत्री ही फाळणी १८४३ पर्यंत टिकली. आज ओढा ओलांडायला पाचपन्नास पावले पुरतात.

पण या ओढ्यावर उभे राहूनच १३६६ चा कायदा समजून घ्यावा. नॉर्मन आणि इंग्रज सरदार आयर्लंडमध्ये येऊन तोवर दोनशे वर्षे होत आली होती, आणि ते हळूहळू आयरिश होऊन गेले होते. आयरिश बोलत, आयरिश बायका करत, मुले आयरिश दायांकडे वाढवत, तंटे आयरिश रिवाजाने मिटवत. राजाचा मुलगा लायोनेल याने किल्केनीत संसद भरवली आणि हे सगळे बंद करणारा कायदा केला. 'किल्केनीचे कायदे' या नावाने तो ओळखला जातो. आयरिशांशी लग्न नको, त्यांच्या मुलांचे पालनपोषण नको, आयरिश नावे नकोत, आयरिश पोशाख नको, खोगिराशिवाय घोड्यावर बसणे नको. इंग्रजांनी इंग्रजीच बोलले पाहिजे, असे सांगणारा हा कायदा स्वतः मात्र नॉर्मन फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. त्यात एक कलम खेळाविषयी आहे: मोठ्या काठीने जमिनीवर चेंडू मारण्याचा खेळ सोडून द्यावा आणि धनुष्यबाण व भाल्याचा सराव करावा.

त्या खेळाचे आजचे नाव हर्लिंग. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट काठी, शिवणीचा लहान चेंडू, पंधरा-पंधरा गडी. २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला. आणि अखिल आयर्लंड हर्लिंग स्पर्धा सर्वांत जास्त वेळा जिंकणारा परगणा आहे किल्केनी: ३६ विजेतेपदे. त्यांतली ११ ब्रायन कोडी या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली मिळाली. संघाचा गणवेश काळा-पिवळा. सामन्याच्या आठवड्यात दुकानांवर, खिडक्यांवर, गाड्यांवर तेच दोन रंग लागलेले असतात. शाळा सुटली की मुले हातात काठी घेऊनच घरी जातात. ज्या शहरात हा खेळ कायद्याने बंद केला, त्याच शहराची तो आज ओळख आहे. गाइडला विचारून नोलन पार्क या मैदानावरून गाडी वळवून घ्यावी. सामना असेल तर तिकीट काढून आत बसावे.

जुन्या तटाची एकच वेस आता उरली आहे. तिच्या पलीकडे ब्लॅक ॲबी, म्हणजे डोमिनिकन संन्याशांचा मठ. १२२५ मध्ये स्थापन झालेला. मधल्या काळात इथे न्यायालय भरे. आता पुन्हा प्रार्थना होते. दक्षिणेकडची रंगीत काचेची प्रचंड खिडकी मात्र मध्ययुगीन नाही. ती म्युनिकच्या मायर कारखान्यात १८९२ मध्ये बनली. दुपारच्या उन्हात तिचे निळे-तांबडे तुकडे समोरच्या फरशीवर पडतात, ते पाहण्यासाठी दहा मिनिटे तरी बाकावर बसावे.

याच मठाशी आयर्लंडमधली सर्वांत हृदयद्रावक बखर जोडलेली आहे. किल्केनीच्या दुसऱ्या मठात, फ्रान्सिस्कनांच्या, जॉन क्लिन नावाचा संन्यासी राहत होता. १३४८ च्या प्लेगची त्याने नोंद ठेवली. नाताळ ते ६ मार्च एवढ्या काळात शहरातले आठ डोमिनिकन संन्यासी मेले, असे तो लिहितो. सगळे जग मृत्यूच्या तावडीत सापडले आहे अशी त्याची खात्री झाली होती. तरीही त्याने बखरीच्या शेवटी कोरे चर्मपत्र सोडले. एखादा माणूस वाचलाच, तर हे काम त्याने पुढे चालवावे म्हणून. त्यानंतर वेगळ्या हाताने एवढेच लिहिलेले आहे, की लेखक इथे वारला असे दिसते. मूळ प्रत हरवली, नकला उरल्या. क्लिनच्या मठाचा मनोरा आणि काही भिंती आजही नदीकाठी उभ्या आहेत. त्यांच्याभोवती पुढे स्मिथविक्स नावाचा बिअरचा कारखाना उभा राहिला. आपला प्रारंभ तो १७१० पासून सांगतो. २०१३ मध्ये उत्पादन डब्लिनला हलवले गेले. आता तिथे नवी वस्ती होत आहे, आणि मठ तीनशे वर्षांनी लोकांच्या नजरेस मोकळा पडला आहे.

पार्लमेंट स्ट्रीटवर रोथ हाउस लागते. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याने १५९४ मध्ये ते बांधायला घेतले. बायको रोझ आर्चर. मुलेबाळे वाढत गेली तशी जागा अपुरी पडू लागली; त्याने मागे दुसरे घर बांधले, मग १६१० मध्ये तिसरे. रस्त्यावर कमानी आणि त्यांत दुकान, मागे फरसबंद चौक, मग घर, मग पुन्हा चौक आणि घर, विहीर, स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे शहराच्या तटाला टेकलेली लांबट परसबाग. वाड्यांत वाढलेल्या मराठी माणसाला हे घर परके वाटत नाही. जमिनीचा हा अरुंद-लांब पट्टा नॉर्मनांनी नगर वसवताना आखलेला आहे, आणि तो जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे. बागेत सतराव्या शतकात मिळत असतील अशाच भाज्या, वनौषधी आणि फळझाडे लावली आहेत. किल्केनीच्या पुरातत्त्व मंडळाने १९६० च्या दशकात हे घर विकत घेऊन वाचवले. शहरात एकच घर आतून पाहण्याएवढा वेळ असेल, तर ते हेच पाहावे.

रस्त्याला 'पार्लमेंट' हे नाव मिळाले ते १६४० च्या दशकामुळे. १६४२ ते १६४९ अशी सात वर्षे आयर्लंडच्या कॅथलिक सरदारांचे आणि धर्मगुरूंचे सरकार किल्केनीतून कारभार पाहत होते. पोपने रिनुचिनी नावाचा वकील पैसे आणि शस्त्रे देऊन पाठवला. फूट पडली, तह मोडले, आणि शेवटी इंग्रज सेनापती क्रॉमवेल आला. मार्च १६५० मध्ये शहर शरण गेले. कॅथेड्रलच्या पूर्वेच्या खिडकीसाठी रिनुचिनीने मोठी रक्कम देऊ केली होती आणि ती नाकारली गेली होती, असे सांगतात. क्रॉमवेलच्या शिपायांनी ती खिडकी फोडली. सोबत मुले असतील तर सहलीआधी 'वुल्फवॉकर्स' हा २०२० चा ॲनिमेशनपट त्यांना दाखवावा. तो १६५० च्या किल्केनीत घडतो, आणि तो बनवणारा 'कार्टून सलून' हा स्टुडिओ किल्केनीतलाच आहे. पडद्यावरचा तट आणि गल्ल्या प्रत्यक्षात शोधायला मुलांना फार आवडते.

दुपारचे जेवण सेंट कीरन्स स्ट्रीटवर घ्यावे. ॲलिसच्या नावाची खानावळ तिथे आहे. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. भाज्यांचे दाट सूप आणि त्यासोबत सोडा घालून केलेला तपकिरी ब्रेड बहुतेक सगळीकडे मिळतो. जेवणानंतरची वाट छोटी आहे. सेंट मेरीज नावाच्या दोन इमारती शहरात आहेत, त्यांचा घोटाळा होऊ देऊ नये. एक एकोणिसाव्या शतकातले कॅथलिक कॅथेड्रल. दुसरे तेराव्या शतकातले व्यापाऱ्यांचे चर्च, जिथे २०१७ पासून मीडिव्हल माइल म्युझियम आहे. पाहायचे ते दुसरे. नगरसभेचे १२३१ पासूनचे पहिले दप्तर तिथे आहे. पुढे टॉल्सल, म्हणजे १७६१ ची कमानींची नगरपालिका. तिच्या कमानींखाली आजही लोक पावसात थांबतात. जवळच बटर स्लिप ही १६१६ ची अंधारी बोळ. इथे लोणी विकणाऱ्या बायका बसत.

वेळ हाताशी राहिला तर शहराबाहेरचे एखादे ठिकाण जोडता येते: शहराच्या उत्तरेची डनमोर गुहा किंवा दक्षिणेचा जेरपॉइंट मठ. दोन्ही जोडू नयेत. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. त्या बेताने ठरवावे.

सर्वांत शेवटी किल्ला. आयरिश राजा डर्मॉट मॅकमरो याने गमावलेले राज्य मिळवायला नॉर्मनांना बोलावले, आणि स्ट्राँगबो या सरदाराला आपली मुलगी ईफा दिली. स्ट्राँगबोने नोरचा उतार राखण्यासाठी इथे लाकडी गढी बांधली. त्याची मुलगी इझाबेल हिच्याशी लग्न करून हा मुलूख विल्यम मार्शलला मिळाला, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी त्याने दगडी किल्ला उभारला. चौकोन, चार कोपऱ्यांना चार बुरूज. आज बुरूज तीन आहेत आणि चौकोनाची एक बाजू उघडी आहे. ती १६५० च्या वेढ्यात गेली. १३९१ मध्ये बटलर घराण्याने किल्ला विकत घेतला. हे आडनाव पदावरून आलेले: आयर्लंडात येणाऱ्या दारूच्या जहाजांतला ठरावीक वाटा घेण्याचा हक्क या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. आतली चित्रशाळा एकोणिसाव्या शतकातली. तिच्या लाकडी छताच्या तुळयांवर जॉन हंगरफर्ड पोलन याने पशुपक्षी आणि वेलबुट्टी रंगवली आहे. मान दुखेपर्यंत वर पाहावे असे ते काम आहे. समोरच्या जुन्या तबेल्यांत १९६० च्या दशकात सरकारने डिझाइनची कार्यशाळा काढली होती. आज तिथे हस्तकलेचे दालन आणि दुकान आहे. काही न्यायचे असेल तर तिथली मातीची भांडी न्यावीत.

बटलर ५४४ वर्षे किल्ल्यात राहिले. १९३५ मध्ये ते निघून गेले आणि सामानसुमानाचा लिलाव झाला. तीस वर्षे वास्तू ओस पडली, छपरे गळू लागली. १९६७ मध्ये ऑर्मंडच्या सहाव्या मार्क्विसने किल्ला किल्केनीच्या लोकांच्या हवाली केला. किंमत घेतली ५० पौंड. त्यानंतर सरकारने दुरुस्ती हाती घेतली, लिलावात गेलेली चित्रे आणि सामान जमेल तसे परत मिळवले. किल्ल्यामागे सुमारे ५० एकरांचे उद्यान आहे: गुलाबाची बाग, जुने वृक्ष आणि नदीपर्यंत उतरणारी हिरवळ. किल्ला आतून पाहायला तिकीट लागते. उद्यानाला लागत नाही.